राजाचा मोतीबिंदू

त्या दिवशी बाबांचे डोळे सिंदेवाहीत होते आणि डॉक्टर नागपुरात. मधे डिश लावलेली, डोळे तपासायची गाडी होती. गाडीत पडदा, पडद्यावर डॉक्टर.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकात राजाची कामं करत. मी त्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. दिसेनासं झाल्यापासून ते संवाद ऐकूनच पाठ करत. (म्हणजे मी दुपारभर वाचायचं आणि महाराजांनी घोरायचं!) मागच्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत त्यांनी शत्रूऐवजी तबलजीवर तलवार उगारली होती. यंदा ऑपरेशन झालं नाही तर राजाचं काम जाणार, हे ठरलेलं.

रांगेत पुढचा प्रत्येक जण अक्षरांचा तक्ता मोठ्याने वाचत होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, थकले.

"वाचा बाबा," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

बाबांनी घसा साफ केला आणि तक्ता सादर केला. हातवाऱ्यांसह! शेवटच्या ओळीत 'ट' म्हणून पुढे अडले. त्यांचा विराम मला नेमका कळतो. सवयीने मी मागून हळूच पुरवलं, "ल!"

"वा! नजर उत्तम," पडदा म्हणाला. "पुढचे."

"डॉक्टरसाहेब, त्यांना दिसत नाही हो!"

"काऊन इज्जत काढून राह्यला बे?" बाबा खवळले. "पास झालो ना मी!"

"बाबा, ही परीक्षा नाही."

"मंग वाचाले काऊन लावते?"

बाईंनी डोळ्याचा फोटो पाठवला. पिकलेला, पांढरा मोतीबिंदू! डॉक्टर पडद्यावर पुढे वाकले. मग म्हणाले, "आजोबा, शेवटची ओळ उलटी वाचा."

"साहेब, उलटा संवाद कोणी म्हणते का?" बाबांनी मान मागे वळवली. "सांग ना बे!"

नागपुराहून हुकूम सुटला, "आधी त्या मुलाला खाली उतरवा." उतरवलं. रांग हसत होती.

ऑपरेशन झालं. मंडईत राजा रंगमंचावर आला, समोर पाहिलं आणि थिजला. मी विंगेतून घसा फोडतोय, तर राजा कपाळावर आडवा हात धरून उभा!

"अबे, इतके लोक येतेत आपल्या नाटकाले?"

त्या रात्री सगळ्यात मोठी टाळी या वाक्याला पडली. ते मी सांगितलेलं नव्हतं.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. राजाचं काम आता दुसरा नट करतो. त्याला सगळं पाठ असतं. मी विंगेत पुस्तक उघडून बसतो.