बोयीचा काटा

माझी रजा संपायला तीन आठवडे उरले होते आणि लेक साडेसात महिन्यांची होती. मी कामावर गेले की तिला सासूबाई सांभाळणार, म्हणून त्या समुद्रकाठच्या मोरा गावाहून सुकापूरला आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. येताना कोळशाची शेगडीही घेऊन आल्या. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, दोन-दोन दिवस घरी नाही. घरात आम्ही तिघी आणि गॅलरीतला धूर.

त्यांच्या घरात बाळाला पहिला मासा द्यायचा तो निखाऱ्यावर भाजलेल्या बोयीचा. आजी घास आधी स्वतःच्या तोंडात घोळवते, जिभेने काटे काढते आणि तोच मऊ घास बाळाला भरवते. मी साताऱ्याकडची, मासा लग्नानंतर खाल्लेला. ऐकलं तशी मी दवाखाना गाठला. डॉक्टरांना विचारून आले. भाजलेलं चालेल म्हणाले, पण करपलेली साल नको, मीठ नको आणि मोठ्यांच्या तोंडातला घास तर मुळीच नको. काटे नीट काढा, कुस्करा, बाळाला ताठ बसवून भरवा.

घरी येऊन मी हे सगळं धडा म्हटल्यासारखं सांगितलं. सासूबाई निखारे फुंकत म्हणाल्या, "काटा जिभेला समजतो, डोल्याला नाय. आमी पाच पोरं अशीच वाढवली."

त्या रुसून मोऱ्याला परत गेल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती. गप्प बसावं, तर लेकीच्या तोंडात तो घास. रोज सकाळी याच विचाराने जाग यायची आणि त्या घरात जीव घुसमटायचा. दार उघडंच असायचं, पण जाणार कुठे?

शेवटी म्हटलं, "आई, भाजा तुम्ही. काटे मी काढते, भरवते पण मीच." त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली आणि समोर येऊन बसल्या.

मी साल काढली, उजेडात धरून काटे वेचले, वाटीत बोटांनी कुस्करलं. लेकीने पहिला घास मिटक्या मारत खाल्ला. दुसराही. मी जिंकले होते आणि ते मला त्यांना दाखवायचं होतं. तिसऱ्या घासाला ती थांबली. तोंड उघडं, डोळे मोठे, नुसती उबळ. मी वाटी धरून दगडासारखी बसून राहिले. सासूबाईंनी तिला उचलून पुढे झुकवलं. ती खोकली, जिभेवर केसाएवढा काटा आला आणि त्यांनी तो दोन बोटांनी अलगद काढला.

लेकीला माझ्याकडे देऊन त्या निखारे विझवायला उठल्या. टोमणा मारला असता तर मला भांडता आलं असतं. मिठाचं, उष्ट्या घासाचं माझं म्हणणं बरोबरच होतं, पण काटा माझ्या डोळ्यांना दिसला नव्हता.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. पोरीने खाल्लं का, त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "खाल्लं. तिच्या आयनंच भरवलं. चांगली भरवते ती."

दुसऱ्या दिवशी बोय भाजून झाल्यावर त्यांनी पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि मी लेकीला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं.