रिसाइन म्हणजे पुन्हा सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मी सज्जन माणूस आहे. तुम्हाला सांगतो — मग काय वाटायचं ते वाटू द्या.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. हिंगणघाटला मी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचो. नवरा-बायको जोडीनं यायचे. अक्षरओळख, थोडं इंग्रजी. एके दिवशी शामराव आला, बायको गयाबाईला घेऊन. कापसाच्या जिनातला मुकादम. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? मी सात वर्षांचा होतो, तेव्हा याच माणसानं जिनाच्या फाटकावर, सगळ्यांदेखत, माझ्या आईला लुगडं झटकायला लावलं होतं — कापूस चोरला म्हणून. निघाली अर्धी भाकर. आई पुन्हा कामावर गेली नाही.

मी त्याला मन लावून शिकवलं, खोटं नाही. पण डूख धरून होतो.

त्याला त्याच जिनात हजेरी मांडणारा टाइमकीपर व्हायचं होतं आणि अर्ज इंग्रजीत हवा होता. मी मसुदा दिला; त्यानं आठ दिवस गिरवून आपल्या हातानं उतरवला. एका शब्दावर अडला. "हे रिसाइन काय होय जी?" त्याच आठवड्यात 'साइन' म्हणजे सही, हे मी शिकवलं होतं. म्हटलं, 'रि' म्हणजे पुन्हा. पुन्हा सही करतो, असं अदबीनं लिहायची रीत आहे. केवढा खूश झाला! गयाबाईनंही तो शब्द पाटीवर उतरवून घेतला.

जिनाच्या साहेबानं तो अर्ज वाचला आणि राजीनामा मंजूर केला. शामरावाला वाटलं, साहेबानंच दगा दिला — गुरुजीवर कोण संशय घेईल? तो घरी बसला आणि गयाबाई त्याच जिनात कामाला लागली. फाटकावर आता तिची झडती व्हायची. मला हे ठाऊक नव्हतं? होतं. तरी गप्प बसलो.

ती वर्गाला येतच राहिली. एकदा सगळे गेल्यावर थांबली. पाटीवर तोच शब्द.

"कारकुनाले इचारलं मी. याचा अर्थ राजीनामा होते. तुमी असं काऊन केलं, गुरुजी?"

आईचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. नाही घेतलं. कारकून चुकला असेल, म्हणालो — जिला मीच वाचायला शिकवलं, त्या बाईला! ती पाटी उचलून गेली. वर्गाला परत आली नाही.

नवऱ्याला तिनं सांगितलं नसावं. कारण शामराव रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा, आणि मला — लपवू कशाला — दर वेळी बरं वाटायचं.