पडला म्हणून नाचणारी शेजारीण

रविवारी सकाळी मी आणि बायको चहा पीत होतो. भिंतीपलीकडून आरोळी आली, "पडला! पडला!" बायको मलमाची डबी घेऊन धावली. पाहतो तर शेजारीण नाचत होती आणि तिचा नवरा धडधाकट बसून पोहे खात होता. बंद पडला होता तिचा प्रोग्राम.

सातपाटीची ही मुलगी बोईसरला आमच्या शेजारी राहते. मच्छीमार सोसायट्यांत कागदांचे फोटो उघडणारा प्रोग्राम ती तपासते. त्यासाठी चांगले फोटो मुद्दाम बिघडवून त्याला देते. सोमवारी तो सोसायट्यांना जायचा होता आणि त्यात चूक दडली आहे, अशी तिला खात्री होती. ती आज सापडली होती.

"काका, समजा, फोटो सांगतो, माझ्यात दहा पाट्या मासळी हाय. प्रोग्राम दहाचीच जागा करतो. निघतात चाळीस! बाकीची सांडते शेजारच्या जागेत. तिथं प्रोग्रामचे हुकूम असले, तर कोणी परका त्यावर आपले हुकूम टाकतो. मग कॉम्प्युटर त्याचा!"

"मग आधी मोजावं आणि मगच भरावं," मी म्हणालो.

"तेच लिवते!"

दुपारी तिने सकाळचाच बिघडवलेला फोटो प्रोग्रामला पुन्हा दिला. पडद्यावर अक्षरं आली, 'फोटोतला आकडा खोटा आहे. उघडणार नाही.' प्रोग्राम चालूच राहिला.

"नाय पडला!" ती सकाळपेक्षा मोठ्याने ओरडली आणि लगेच माझ्याकडे वळली. "काका, तुमचा एक फोटो द्या. आता तो बिघडवते."

"घे की यांचा," बायको म्हणाली. "फार मेहनत पडायची नाही."