पासवर्ड अख्ख्या गावाला पाठ

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर सायबर कॅफेत बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून अंगावर येतात. डिप्लोमा अर्धवट सोडून मी तिथं कामाला लागलो. येणारा प्रत्येक म्हातारा आधी विचारायचा, "शिक्षान का सोडलं रं?" आणि मग स्वतःचा पासवर्ड माझ्याकडूनच टाईप करून घ्यायचा.

एक रिटायर गुरुजी पासवर्ड टाकताना मोठ्यानं म्हणायचे. सगळी हयात वर्गात ओरडण्यात गेलेली. एकदा मध्येच अडकले, तर पलीकडच्या केबिनमधून आवाज आला, "गुरुजी, शेवटचं एक-दोन-तीन राहिलं." मी म्हटलं, आता तरी बदला. गुरुजी म्हणाले, "का? विसरलो तर मग सांगणार कोण?"

'अनोळखी अटॅचमेंट उघडू नका' असा कागद मी भिंतीवर चिकटवलेला. एका पतसंस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी बरोबर त्या कागदाखाली बसून 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' नावाची मेल उघडली. रिटायरमेंट तोंडावर आलेली! व्हायरसनं तीच मेल साहेबांच्या नावानं सगळ्या ओळखीच्यांना धाडली, चेअरमनसकट. साहेब घामानं निथळले. चेअरमन चिडले नाहीत. फोन करून एवढंच विचारलं, "मलाच धाडलंय, का सगळ्यांला?"

पाटसच्या एका आबांना परदेशी लॉटरी लागल्याची मेल आली. बँकेचा खातेनंबर मागितलेला. मी म्हटलं, आबा, चोर आहेत, देऊ नका. "शाळा सोडलेला तू, मला शिकवतो व्हय?" खूप भांडलो. शेवटी पटलं त्यांना. म्हणजे नंबर दिलाच, पण ज्याच्याशी बांधावरून केस चालली होती त्या भावाचा दिला. "आधी त्याचं काय हुतंय ते बघू."

पण मनीषाचा किस्सा म्हणजे कळस. नर्सिंग झालेली पोरगी, दौंड रस्त्यावरच्या गावातली. पुण्याच्या एका हॉस्पिटलात नोकरीसाठी अर्ज केलेला, मुलाखतीचं बोलावणं मेलवर येणार होतं. घरात मात्र चालायचं चुलत्यांचं, आप्पांचं. त्यांना नोकरी नको होती, तिचं लग्न उरकायचं होतं.

आप्पा कॅफेत यायचे, 'पासवर्ड विसरलात?' दाबायचे. प्रश्न यायचा, आईचं माहेर कुठलं? आता गावात कुणाच्या आईचं माहेर लपलंय? आप्पा थेट आत. बोलावणं उडवलं. मनीषानं हॉस्पिटलात फोन करून मेल पुन्हा मागवली आणि प्रश्न बदलला, पहिली शाळा कोणती? गावात शाळाच एक. दुसरं बोलावणंही गेलं. मी मालकाला म्हटलं, यांना बसू देऊ नका. मालक म्हणाला, "मोठं मानूस हाय, गप बस." अशी ही मोठी माणसं.

मी मनीषाला स्वतःचा प्रश्न लिहायची सोय दाखवली. म्हटलं, आप्पांना उत्तर येणार नाही असं काहीतरी टाक.

"उत्तर येतंय की त्यांला," ती टाईप करता करता म्हणाली. "लिवणार न्हाईत."

बाजारच्या दिवशी आप्पा आले ते नवऱ्यामुलाच्या बापाला घेऊन. "पोरगी आमच्या शब्दाभाईर न्हाई. तिची मेलसुद्दा मीच बघतो, या दाखवतो." तिसरं बोलावणं बघायला मनीषा दुपारच्या गाडीनं येणार होती. त्याआधी आप्पा आत शिरले की तेही गेलंच.

स्क्रीनवर प्रश्न आला, 'आप्पांचं खरं शिक्षण किती?'

पाव्हणा हसला. "हे तर सोप्पंय. बी.ए. लिवा."

दारावरच्या पाटीपासून लग्नपत्रिकांपर्यंत आप्पा नावापुढं बी.ए. लावायचे. त्यांनी टाकलं. चूक.

"एम.ए. बी केलंय व्हय?" पाव्हण्यानं खुर्ची जवळ ओढली. नंबर लावून थांबलेली माणसंही पुढं सरकून वाचायला लागली. आप्पांची बोटं कीबोर्डवर तशीच. समोर दौंडची गाडी स्टँडात वळली.

"लाईट गेली वाटतं," आप्पा म्हणाले.

डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.