दोन मालगाड्यांचा हात

माझ्या आत्याच्या यजमानांइतका सावकाश माणूस साऱ्या मावळ तालुक्यात दुसरा नसेल. त्यांना मी मामा म्हणतो. वलवणला त्यांच्या घरी राहून मी लोणावळ्यात कॉलेज केलं. त्या तीन वर्षांत मामांनी कोणतीही गोष्ट घाईने केलेली मला आठवत नाही. चहा बशीत ओतून ते त्याच्याकडे बघत बसायचे. आत्या म्हणायची, साय धरल्याशिवाय पीत नाहीत. तुंगार्लीच्या एका बंगल्यावर ते माळी होते, आणि तिथली झाडंसुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त हलतात, असं तिचं मत होतं.

पण त्यांच्या हाताला गुण होता. कुणाची मान धरली, पाठ आखडली की माणसं मामांकडे यायची. मामा चोळत नसत, दाबत नसत. तळहात टेकवायचे आणि थांबायचे. किती वेळ, तर घरामागच्या रुळांवरून घाट चढून आलेल्या दोन मालगाड्या जाईपर्यंत. प्रवासी गाड्या हिशेबात नसत. त्या फार पळतात म्हणून. ही विद्या त्यांना त्यांच्या बैलाने शिकवली होती. जुवाखाली आखडलेल्या खांद्यावर नुसता हात ठेवला की तो मान सैल सोडायचा. "बैलाला रेटलं तर लाथ घालतो," मामा सांगायचे. "मानूस बिचारा तेवढंबी करत न्हाई."

वडगावला रुळांजवळच्या एका लग्नात नवरीच्या बापाची मान ताठलेली त्यांना दिसली. मामांनी त्याला खुर्चीत बसवून मागून हात ठेवला, तर तो घोरायला लागला. भटजी खुणा करत होते, आत्या डोळे वटारत होती, आणि मामा शांतपणे सांगत होते की अजून एकच गाडी झालीय. अक्षता उशिरा पडल्या. पण त्या मांडवात दिवसभर हसतमुख असा नवरीचा बापच तेवढा होता.

बंगल्याच्या मालकांची मुलगी पुण्यात फिजिओथेरपी शिकलेली. तिने मामांचं काम पाहिलं आणि याला मायोफेशियल रिलीज म्हणतात, असं सांगितलं. संत्र्याच्या फोडीवर असतो तसा पातळ पापुद्रा आपल्या स्नायूंवरही असतो, तो आखडतो आणि हलक्या, स्थिर हाताने हळूहळू सैल होतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन म्हणाले, "नाव लय लांब हाय. तेवढ्यात निम्मा मानूस मोकळा व्हतो."

मी हसायचो. मग माझ्या शेवटच्या वर्षाची परीक्षा चार दिवसांवर आली आणि माझ्या उजव्या हातात पेन धरवेना. आमच्या घरात तोवर कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं, पोरगा पदवी घेणार. घाबरून मी बाजारातल्या एका मालिशवाल्याकडून हात जोरजोरात चोळून घेतला, तर बोटंच मिटेनात. शेवटी मामांपुढे बसलो. त्यांनी हात ठेवला तो मानेच्या बुडाशी.

"मामा, मनगट दुखतंय."

"मनगट वरडतंय. धरलंय दुसऱ्यानं," ते म्हणाले. "तू गप बस. घाई तुझ्या मानेत बसलीय."

पहिली गाडी गेली. काहीच होईना, मला रडू यायला लागलं. दुसरी गाडी लांब होती. तिच्या शेवटच्या डब्याच्या सुमाराला त्यांच्या तळव्याखाली ऊब पसरली आणि भिजलेला सुंभ उकलावा तसं काहीतरी खांद्यापर्यंत सुटत गेलं. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी मी तिन्ही तास पेपर लिहिला. माझ्या पदवीवर माझं नाव आहे. त्यांचं कुठेच नाही.

आता मी वडगावला शाळेत शिकवतो. आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या रविवारी वलवणला गेलो, तर मामा ओट्यावर एक खांदा वर ओढून बसलेले. इतक्या वर्षांत त्यांना कुठे दुखतं, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मी मागे बसलो आणि तळहात टेकवला. पाठीची हाडं हाताला लागत होती, इतके वाळलेत. एक मालगाडी गेली. मला परत निघायचं होतं. माझी नजर घड्याळाकडे गेली, हात जरासा हलला असावा.

"अजून एक जाऊ दे," मामा हळूच म्हणाले.

मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. दुसरी गाडी कधी गेली, ते मला कळलंच नाही.