तुळशीचे पान आणि दोन काडतुसे

आमच्या जेवणाच्या टेबलावर माझे शेजारी दोन काडतुसे उभी करीत. पूजेच्या आरंभी सुपारी मांडावी तितक्या अलगद, दोन बोटांनी. मग हात मागे घेऊन माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "बोला, शास्त्रीबुवा. स्टँडर्ड की इम्प्रूव्ड?"

काडतुसे रिकामी असत. तरीही पहिल्या दिवशी मी माझे ताट उचलून खिडकीपाशी गेलो होतो. "भिऊ नका, नुसतं पितळ आहे," ते म्हणाले, "तुमच्या पळीपंचपात्राचं भावंड." ह्या उपमेने मला जो राग आला, तो त्या दिवशीचे भोजन संपेपर्यंत टिकला. नंतर सुनेने खीर वाढली.

वाचकहो, अशी माणसे आपणही पाहिली असतील, ज्यांच्याविषयी आपले मत पाच मिनिटांत बनते आणि ते दुरुस्त करण्यात पुढची पाच वर्षे जातात. हे गृहस्थ मूळचे नागपूरचे. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, विद्यापीठाच्या कार्यशाळेत यंत्रांची देखभाल करून ते निवृत्त झाले होते. पत्नी निवर्तलेल्या, मुलगी दूर कॅलिफोर्नियात. मी पुण्याहून मुलाकडे राहावयास आलेला, पाठशाळेत घडलेला, मराठी मंडळाच्या पूजा सांगणारा. आमची घरे शेजारी, आणि ते दरवर्षी थंडीच्या तोंडाशी हरणाच्या शिकारीला जात.

गावातले मराठी विद्यार्थी त्यांना काका म्हणत, त्यांच्या गाडीतून फुकट फिरत, आणि त्यांचा डबा उघडण्यापूर्वी मात्र चौकशी करीत.

"काका, यात डिअर मीट नाही ना?"

"नाही रे बाप्पा, वांगं आहे. सापडलं म्हणून कापलं. त्याला पळता येत नाही नं."

दर हिवाळ्यात शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी ते माझ्याकडून तुळशीचे एक पान घेऊन जात. इथल्या बर्फात तुळस जगवणे सोपे नव्हे. मी ती घरात, विजेच्या दिव्याखाली, पोटच्या पोराप्रमाणे वाढवली होती. त्यांना खोकला असावा असे समजून मी एकदा सांगितले, "एका पानाने काय होणार? आल्याच्या रसात चार घ्या."

"मला नको, शास्त्रीबुवा. ते हरणाच्या तोंडात ठेवतो. पान आणि थोडं पाणी. जाताना आपल्या माणसाला देतो तसं."

मी उठून स्नानगृहात गेलो आणि दुसऱ्यांदा स्नान केले. ते कशाचे स्नान होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढचे आठ दिवस मी धर्मशास्त्राचे ग्रंथ उलथेपालथे केले. शिकाऱ्याने मृगाच्या मुखी तुलसीदल ठेवावे की ठेवू नये, ह्याविषयी कोणाही ऋषीने काही लिहिलेले सापडले नाही. अखेर मी गंभीर चेहऱ्याने निर्णय दिला: "रविवारी तुळस तोडत नाहीत. शिकार रविवारी असेल तर पान शनिवारीच न्यावे." एवढ्या अध्ययनातून एवढेच हाती लागले. त्यांनी मात्र हात जोडले आणि तो नियम अखेरपर्यंत पाळला.

एका हिवाळ्यात ते पान परत आले. रुमालात गुंडाळलेले, काळे पडलेले. त्यांनी ते टेबलावर ठेवले.

"लागली होती गोळी," ते म्हणाले. "छातीच्या मागं, पोटाकडं सरकून लागली. रक्त दिसत होतं. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी पण गेलो. नाही सापडलं."

एका गोळीत प्राण गेला पाहिजे, नाहीतर चाप ओढायचा नाही, हे त्यांचे व्रत होते. ते मोडले होते. पुढच्या हंगामापर्यंत त्यांना एकच गोष्ट हवी होती, की पुन्हा कोणतेही जनावर तसे जखमी होऊन झाडीत जाऊ नये. आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकले की दोष काडतुसाचा होता.

तेव्हापासून ती दोन काडतुसे आमच्या टेबलावर येऊ लागली. एक नेहमीचे, उतरत्या खांद्याचे. दुसरे सुधारलेले: अंग सरळ, खांदा टोकदार, आत दारू थोडी अधिक मावते, म्हणून गोळी थोडी वेगाने आणि थोडी सरळ जाते. त्यासाठी रायफलीत काडतूस बसते ते घर कारागिराकडून कोरून मोठे करावे लागे. एकदा कोरले की पूर्ववत होणे नाही. गंमत अशी की कोरलेल्या रायफलीत जुने काडतूसही चालते, आणि बार उडताच ते फुगून नव्या आकाराचे होते.

हे ऐकून मी हर्षभरित झालो. "म्हणजे हा संस्कारच! अग्नीच्या साक्षीने त्याला दुसरा जन्म मिळतो!"

"शास्त्रीबुवा, ते पितळ आहे. मुंज नका लावू त्याची. निर्णय सांगा."

मी अर्थातच परंपरेच्या बाजूने उभा राहिलो. पूर्वसूरींनी जो आकार दिला त्यात हात घालू नये, अशा आशयाचे अर्ध्या तासाचे प्रवचन केले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या आयपॅडकडे बोट दाखवले. "ही पोथी तुम्ही बोटांनी अक्षर मोठं करून वाचता नं? मग तुमचं इम्प्रूव्ड, आणि माझं काहून स्टँडर्ड?"

पुढच्या आठवड्यात मी सुधारणेच्या बाजूने तितक्याच अधिकाराने बोललो. ते म्हणाले, "मागच्या वेळचं जास्त पटलं होतं." आयुष्यात बंदुकीला हात न लावलेला मी त्या वर्षी काडतुसांविषयी इतके बोललो की मुलगा म्हणाला, "बाबा, फोनवर हा टॉपिक अव्हॉइड करा प्लीज."

हंगाम जवळ आला. कारागिराला उत्तर द्यावयाचे होते. शेवटचा कौल लावण्यासाठी ते मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. कानांवरची झाकणे माझ्या काळ्या टोपीवर बसेनात, म्हणून टोपी मांडीवर ठेवून, प्रत्येक बाराला डोळे मिटून मी नामस्मरण करीत होतो. शेजारच्या बाकावरच्या एका गोऱ्या गृहस्थाने अतिशय आदराने विचारले, हे माझ्याही रायफलीला आशीर्वाद देतील काय? मी दिला. नाही म्हणणे मला जमले नाही.

मग आम्ही दोघे कागदाच्या निशाणापाशी चालत गेलो. मधला काळा ठिपका कोरा होता. भोके होती ती कडेला, एक इकडे, एक तिकडे, वाऱ्याने अक्षता उडाव्यात तशी. माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना ती लांबूनच दिसली होती. ते कागदाला नाक लावून पाहत होते, मान तिरकी करून.

"मधलं पुसल्यासारखं दिसतं," ते हळूच म्हणाले. "कडेचं नीट दिसतं. डॉक्टर म्हणतो, हे वाढणार. पोरीला नाही सांगितलं अजून."

मला माझा जप आठवला. मन लागेना तेव्हा मी लोकरीचे आसन टाकून दर्भाचे घेतले होते, मग रेशमाचे, मग पुन्हा लोकरीचे. दर वेळी आसनालाच बोल लावला होता.

"आता सांगा," ते म्हणाले. "स्टँडर्ड की इम्प्रूव्ड?"

"मला ह्यातले काही कळत नाही," मी म्हणालो.

ते मोठ्याने हसले. "हे आधी सांगायचं नं! उन्हाळाभर प्रवचन ऐकलं मी!" हसता हसता त्यांनी निशाणाचा कागद काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला, बाकापाशी परत आले आणि रायफल रिकामी करून पेटीत निजवली. कारागिराला तिथूनच फोन केला. "नको. कॅन्सल करा." गाडीत बसल्यावर किल्ली माझ्याकडे धरून म्हणाले, "ड्राइव्ह येतं का तुम्हाला?" येत नव्हते. आम्ही अतिशय सावकाश घरी आलो. अगदी समोरचे तेवढे मी सांगत होतो.

त्या हंगामात ते गेले नाहीत. रायफल, आहे तशीच, न कोरता, त्यांनी मैदानावरच्या एका मित्राला दिली, आणि बर्फ पडण्यापूर्वी मुलगी येऊन त्यांना सांता क्लाराला घेऊन गेली. निघताना ते माझ्या पाया पडू लागले. मीही वाकलो. त्यामुळे आमची डोकी आपटली, आणि निरोपाचे जे काही बोलायचे ठरवले होते ते राहून गेले.

ह्या वर्षी मी देवासाठी अंगणात शेवंती लावली. एका सकाळी पाहतो तो एक हरिणी निवांतपणे तिचे कळे खुडत होती. मी टाळ्या वाजवल्या, घंटा वाजवली, मंत्रपुष्पांजलीच्या स्वरात तिला हाकलले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या ताटव्याकडे वळली. अहिंसेवर मी आजवर दिलेली सारी व्याख्याने त्या क्षणी माझ्या कामी आली नाहीत. मी घाईने सांता क्लाराला फोन लावला.

"तुमची हरिणी माझी पूजा खाते आहे! काय करू?"

"साबणाच्या वड्या बांधा कुंपणाला. उग्र वासाच्या," ते म्हणाले. मग थांबले. "लहान आहे का? एकटीच?"

"मागे एक पिल्लू आहे."

"शास्त्रीबुवा," त्यांचा आवाज खाली आला, "जरा खिडकी उघडा नं. फोन बाहेर धरा."

मी खिडकी उघडली आणि हात लांब केला. हरिणीने कान टवकारले, फोनकडे पाहिले. थोड्या वेळाने तिने मान खाली घातली. कळे खुडल्याचा बारीक आवाज येऊ लागला. माझा हात भरून आला, तरी मी तो तसाच धरून उभा राहिलो.