जिराफाच्या मानेचा कौल

देवासमोर मी एकदा जिराफाच्या मानेचा कौल लावला होता. अठरा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

गोवा मुक्त होऊन थोडी वर्षं झाली होती. गावोगाव मराठी शाळा उघडत होत्या आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी प्रवेश परीक्षा. पेडण्याचे एक निवृत्त मास्तर आम्हा चारपाच मुलींकडून वाचनाचा सराव करून घेत. एकदा त्यांनी जोडीचे उतारे दिले, उत्क्रांतीवरचे. पहिला म्हणे, जिराफ उंचावरचा पाला खायला मान ताणत राहिला, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या लांबत गेली. दुसरा म्हणे, छे, काहींची मान जन्मापासूनच लांब. दुष्काळात तेवढेच जगले, त्यांचीच पिल्लं वाढली. खाली प्रश्न: दोघांचं एकमत कशावर, मतभेद कशावर?

मला लगेच वास आला. दोघं उलटसुलट बोलतात म्हणजे एक खोटारडा. शिवाय दोन्ही उतारे एकाच हस्ताक्षरात. मास्तरांनीच ते उतरवून काढले होते हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला मात्र दोघे आतून सामील वाटले. शेजारची मुलगी भराभर लिहीत होती, म्हणजे तिला उत्तरं आधीच मिळालेली. मी कागद कोराच घरी नेला.

आमच्या पार्शे गावात खरंखोटं ठरेना की देवाला विचारतात. दुसऱ्या दिवशी मी देवळात. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "कित्या विषयी, गो?"

"दोघे आहेत. एक एक सांगतो, दुसरा भलतंच. खरा कोण?"

परीक्षेचं नाव काढलं नाही. हा मास्तरांना जाऊन सांगेल, ही धास्ती. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. उजवी पाकळी पहिल्याची, डावी दुसऱ्याची; पडली उजवी. म्हणजे पहिला खरा. मी कागदावर तसं लिहूनही टाकलं, मतभेद-बितभेद काही नाही.

संध्याकाळी बाबा आले ते गुरवाला भेटूनच. परीक्षेचा फॉर्म त्यांच्या सहीसाठी ठेवला होता, तो त्यांनी पेटीत टाकून कुलूप लावलं.

"कोण ते दोघे? देवाक सांगतंस, आणि बापाशीक नाय?"

मी जिराफ म्हणाले. गावात जिराफ कोणाला म्हणतात, ते बाबा आठवू लागले. कागद दाखवला तर म्हणे ही त्या दोघांतल्याच एकाची चिठ्ठी. फॉर्म पाठवायला दोन दिवस उरले होते. शेवटी रडत पेडण्याला गेले आणि मास्तरांनाच घेऊन आले.

मास्तरांनी ओसरीवर बसून दोन्ही उतारे मोठ्याने वाचले. माझं उत्तर पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला, एवढंच. बाबांनी दुसरा उतारा पुन्हा वाचायला लावला. मास्तर चहा पिऊन गेले. मग बाबांनी उठून पेटी उघडली.

"घे गो फॉर्म, सही केलंय. माका त्या दुसऱ्याचा पटला. वाऱ्यापावसात तगलेल्या काजूच्या झाडांच्याच बियो आम्ही लावतो, तां काय झाडांनी ताणून घेतला? पण परीक्षेत ह्या माझा लिहू नको. थय काय विचारलां तां आधी वाच, मगे लिही."